चपलेच्या सोलमधलं प्लास्टिक आणि कॅन्सरचा प्रश्न

आजची गोष्ट १९७४ सालची, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातली. रॉबर्ट लँगर नावाच्या तरुणाने एमआयटीमधून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट नुकतीच पूर्ण केली होती. जगात तेलाचे भाव भडकलेले, त्यामुळे तेल कंपन्यांना असे इंजिनिअर हवेच होते. लँगरला वीसेक ऑफर आल्या. पगार उत्तम! पण त्या कामात जन्म घालवायचं त्याच्या जिवावर आलं. आपल्या शिक्षणाचा माणसांना थेट उपयोग व्हावा, एवढंच त्याला कळत होतं. त्याने कॉलेजांना, हॉस्पिटलांना पत्रं लिहिली. बहुतेकांनी उत्तरसुद्धा दिलं नाही.

शेवटी एका डॉक्टरांनी त्याला घेतलं. डॉ. ज्युडा फोकमन, बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमधले सर्जन. गंमत म्हणजे, त्या काळात त्यांचीही चेष्टाच व्हायची. १९७१ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली होती. कॅन्सरची गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची, तर तिला रक्त लागतं. मग ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना स्वतःकडे ओढून घेते. शेजारच्या पाइपलाइनवरून चोरून नळजोडणी घ्यावी ना, तसंच. ही जोडणीच तोडली तर? गाठ उपाशी राहील.

आता हे सिद्ध कसं करायचं? रक्तवाहिन्या रोखणारा पदार्थ शोधायचा कुठे? कूर्चेत. कान-नाकात जे लवचिक हाड असतं ना, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे त्यांना अडवणारं काहीतरी तिच्यात असणार. लँगर खाटीकखान्यातून गाई-वासरांची हाडं आणायचा आणि कूर्चा खरवडून तिचा अर्क काढायचा.

अर्क मिळाला, पण तपासायचा कसा? जागा निवडली सशाच्या डोळ्यातला पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया. तिथे मुळात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे नवी वाहिनी फुटली की लगेच दिसते. तिथे गाठीचा तुकडा ठेवायचा आणि शेजारी हा अर्क. पण गाठीकडे रक्तवाहिन्या वाढायला आठवडे लागतात, आणि अर्क नुसता टोचला तर लगेच वाहून जातो. तो थेंबाथेंबाने, आठवडेच्या आठवडे झिरपत राहायला हवा होता.

इथे खरी पंचाईत झाली. प्रथिनांचे रेणू प्रचंड मोठे. ते घट्ट प्लास्टिकमधून बाहेर येणं शक्यच नाही, असं जाणकारांचं मत होतं. लँगर स्वतः सांगतात, की हे न जमण्याच्या दोनशेहून जास्त पद्धती त्यांनी शोधून काढल्या! शेवटी जमलं. आज चपलांच्या सोलमध्ये वापरतात त्याच जातीचं पॉलिमर, ईव्हीए. ते द्रावणात विरघळवायचं, त्यात प्रथिनाची भुकटी मिसळायची, साच्यात ओतून गोठवायचं आणि वाळवायचं. आत वेड्यावाकड्या बोळांचं जाळं तयार होतं. रेणू त्या बोळांतून वाट काढत सावकाश बाहेर पडतात.

१९७६ मध्ये दोन शोधनिबंध आले. 'सायन्स'मध्ये कूर्चेच्या अर्काचा, 'नेचर'मध्ये पॉलिमरचा. एक कॅन्सरचा, एक प्लास्टिकचा, पण काम एकच. पॉलिमर नसतं, तर कॅन्सरच्या प्रश्नाचं उत्तर तपासताच आलं नसतं.

वाटलं असेल, आता लँगरचं नशीब उघडलं. छे! इंजिनिअरला जीवशास्त्रातलं काय कळतं, असा सूर होता. संशोधन निधीसाठी केलेले त्याचे पहिले नऊ अर्ज नामंजूर झाले.

पण तो थांबला नाही. पुढे मेंदूच्या कॅन्सरवर काम करणारे सर्जन हेन्री ब्रेम यांच्यासोबत त्याने एक पातळ चकती विकसित केली. मेंदूत औषध पोचवणं कठीण, कारण रक्तातून येणाऱ्या बहुतेक गोष्टी मेंदू अडवतो. मग ऑपरेशन करून गाठ काढली, की त्याच पोकळीत या चकत्या ठेवायच्या, जास्तीत जास्त आठ. साबणाची वडी झिजते तशी चकती झिजते आणि औषध जागेवरच सुटतं. १९९६ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. हा चमत्कार नव्हता, बरं का. आजार उलटलेल्या रुग्णांच्या चाचणीत आयुष्य साधारण आठ आठवड्यांनी वाढलं. आठ आठवडे कमी वाटतात, पण घरात कुणी आजारी असेल, तर त्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आणि फोकमन? रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं कॅन्सरवरचं पहिलं औषध, अवॅस्टिन, २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते कूर्चेतून आलेलं नव्हतं, पण कल्पना त्यांचीच होती. तेहेतीस वर्षं लागली. २००८ मध्ये ते गेले, पण हा दिवस त्यांनी पाहिला.

लँगर यांच्या नावावर आज दीड हजारांहून जास्त शोधनिबंध आहेत. कोविडच्या लसीमुळे घरोघरी पोचलेल्या मॉडर्ना कंपनीच्या संस्थापकांपैकीही ते एक. पण एवढ्या मोठ्या यादीची सुरुवात आहे सशाच्या डोळ्यातल्या त्या इवल्याशा गोळीत.

तेव्हा तुमचाही एखादा अर्ज नुकताच परत आला असेल, तर हे नऊ अर्ज लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात!