खानदेशातील छायाचित्रांचा हक्क

मेजर रॉबर्ट गिल, ज्यांचा देह 1879 मध्ये भुसावळास विसावला, त्यांनी लेणी-मंदिरांची टिपलेली 74 छायाचित्रे 1864 साली लंडनमध्ये वास्तु-इतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह ग्रंथरूपाने विक्रीस आली, तेव्हाच खानदेशाच्या सीमेवरील प्रकाश-छायेला बाजारात मोल आले. पुढे 1914 च्या भारतीय कॉपीराइट कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या 1957 च्या कायद्यानेही, असा दंडक राखला की, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास, गिऱ्हाइकाचा. म्हणून धुळ्या-जळगावच्या स्टुडिओवाल्याच्या कपाटात लग्नाच्या निगेटिव्ह वर्षानुवर्षे सुरक्षित राहिल्या, तरी त्या छापून विकण्याचा अधिकार त्याचा नव्हे. ज्याची दृष्टी व कौशल्य त्या चित्रात उतरले, त्यालाच हा नियम वंचित करतो, हे मला अन्यायाचे वाटते.

चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस यांची गोष्ट निराळी. दशकानुदशके घराबाहेर न पडता, मेजावर लहान वस्तूंची रचना मांडून त्यांनी जी छायाचित्रे स्वयंप्रेरणेने घेतली, त्यांचे प्रथम स्वामी तेच होते. असा स्वामी आपला हक्क खरेदीखताने शेत द्यावे तसा कायमचा देऊ शकतो, किंवा खंडाने द्यावे तसा मुदतीपुरता; मात्र हस्तांतरणाचा दस्तऐवज लेखी व स्वाक्षरीचा हवा, आणि त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती 5 वर्षांची धरली जाते. मूस 1989 मध्ये निवर्तले. पण हक्काची मुदत कर्त्याबरोबर संपत नाही: इतर कलाकृतींप्रमाणे छायाचित्रालाही कर्त्याच्या हयातीनंतर 60 वर्षांचे संरक्षण मिळाले, ते 2012 च्या दुरुस्तीने.