सौरघटातील विद्युत्प्रवाह : संख्यात्मक प्रतिमान

सौरघटाचा प्रवाह म्हणजे प्रकाशजन्य प्रवाहातून डायोडचा आणि गळतीचा प्रवाह वजा जाता उरणारी बाकी. मात्र अंतर्गत रोधामुळे हा प्रवाह समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो. म्हणून तो न्यूटन-राफसन पद्धतीने, अंदाज सुधारत सुधारत काढतात. लँबर्ट फलनाने थेट उत्तर मिळत असता हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. एका डायोडपुरता तो खराच; पण दोन डायोडांचे प्रतिमान घेतले किंवा पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली, की ती सोय संपते.

पॅनेलमागे छापलेले आकडे पुरेत, हे म्हणणे त्याहून कच्चे. ते 25 अंश सेल्सिअसला, दर चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाशात मोजलेले असतात. हातकणंगल्याच्या उन्हाळ्यात हवा 38 अंश धरली आणि घटाचे नाममात्र तापमान 45 मानले, तर तेवढ्याच प्रकाशात घट 69 अंशांवर पोचतो. सिलिकॉन घटाचा खुल्या मंडलातील दाब अंशामागे सुमारे 2 मिलिव्होल्टने घटतो. 60 घटांच्या पॅनेलमध्ये ही तूट पाच व्होल्टांहून अधिक भरते. प्रवाह वाढतो, पण अगदी किंचित. त्याने ती भरून निघत नाही. उसाच्या पंपासाठी पॅनेल निवडणाऱ्याने हे गणित आधी मांडावे.