तराजूंतील पासंग

वाण्याच्या तराजूचीं दोन पारडीं सारखीं नसलीं, म्हणजे हलक्या पारड्यांत तो एखादा दगडाचा तुकडा टाकतो. त्याला आपण पासंग म्हणतों. गिऱ्हाइकाचें सारें लक्ष मालावर व मापावर असतें. पासंगाकडे कोणी पाहत नाहीं. श्रोतेहो, आज ज्याची हकीकत मी सांगणार आहें, तो असाच पासंग म्हणून अनेकदां तराजूंत पडला. त्याचें नांव इश स्मिथ. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत शार्लट शहरीं ५ जुलै १९८८ रोजीं जन्मलेला हा धंदेवाईक बास्केटबॉलपटू तेरा संघांकडून खेळला.

बास्केटबॉल हा खेळ वयानें लहान आहे. १८९१ सालच्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें, हिंवाळ्यामुळें घरांत कोंडलेल्या तरुणांसाठीं, पीचच्या दोन टोपल्या सज्जाला टांगून तो सुरू केला. पुढें त्याचा धंदा झाला. १९४६ सालीं मोठमोठ्या क्रीडागृहांच्या मालकांनीं एक संघटना काढली व १९४९ पासून तिला नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन हें नांव मिळालें. आज तिच्यांत तीस संघ आहेत.

या धंद्यांत खेळाडू कोणाचा, हा वाद जुना आहे. पूर्वींच्या करारांत एक राखीव कलम असे. त्याच्या बळावर, कराराची मुदत संपली तरी खेळाडू जुन्याच संघाला बांधलेला राही. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यानें १९७० सालीं याविरुद्ध फिर्याद लावली. १९७६ सालीं तडजोड झाली, आणि करार संपल्यावर दुसऱ्या घरीं जाण्याची वाट हळूहळू मोकळी झाली. परंतु करार चालू असतां खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकण्याचा मालकाचा हक्क राहिलाच. त्यासाठीं खेळाडूची संमति घेण्याची गरज बहुधा नसते. बदलीचे हुकूम आम्हां मास्तरांनाहि ठाऊक आहेत. पण आमचें खातें तरी तेंच राहत असे.

पासंगाची गरज कोठून आली, तें आतां पाहूं. १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकंदर पगारावर मर्यादा घालण्यांत आली. ज्या संघाची मर्यादा भरली आहे, त्याला अदलाबदलींत साधारणपणें जितक्या पगाराचा माणूस द्यावा तितक्याच पगाराचा घ्यावा लागतो. दोन नामांकित खेळाडूंचे पगार नेमके कसे जुळावेत? म्हणून आकडा जमविण्यासाठीं, किंवा कधीं एखादी जागा मोकळी करण्यासाठीं, लहान पगाराचीं माणसें सौद्यांत टाकतात.

२०१० सालीं नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडींत साठ नांवें पुकारलीं गेलीं. वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळलेल्या स्मिथचें नांव त्यांत नव्हतें. उंची सहा फूट. म्हणजे आपल्याकडे धिप्पाड, त्या खेळांत ठेंगणा. ह्यूस्टनच्या संघानें त्याला ठेवून घेतलें, आणि फेब्रुवारी २०११ मध्यें शेन बॅटिएर या नांवाजलेल्या खेळाडूबरोबर मेंफिसला पाठवून दिलें. पुढें गोल्डन स्टेट, मग ऑर्लँडो. २०१३ च्या फेब्रुवारींत जे. जे. रेडिक याच्या सौद्यांत तो मिलवॉकीला गेला, ऑगस्टांत फिनिक्सला. नंतर पुन्हां ह्यूस्टन, मग ओक्लाहोमा सिटी. २०१५ च्या फेब्रुवारींत तर गंमतच झाली: सौद्यानें तो न्यू ऑर्लिन्सच्या खात्यावर चढला, त्या संघानें त्याला लागलींच सोडलें, आणि फिलाडेल्फियानें उचललें. त्याच वर्षीं पुढल्या हंगामाच्या आरंभीं तो न्यू ऑर्लिन्सकडे खेळूं लागला!

मला सर्वांत उद्बोधक वाटतो तो यानंतरचा प्रसंग. फिलाडेल्फियाचा संघ त्या वेळीं अगदीं रसातळाला गेला होता. हंगामाचे पहिले अठरा सामने तो ओळीनें हरला होता आणि नाताळच्या आदल्या दिवशीं एकतीस सामन्यांत त्याचा जय एकच होता. त्या दिवशीं त्यानें भावी निवडींतले दुय्यम प्रतीचे दोन हक्क देऊन स्मिथला परत आणलें. २६ डिसेंबर रोजीं स्मिथ मैदानांत उतरला, आणि संघानें फिनिक्सला, म्हणजे त्याच्या एका जुन्या धन्यालाच, हरविलें. उरलेल्या एकावन्न सामन्यांत नऊ जय मिळाले. आकडा पाहून हसूं येईल; पण एकतिसांत एक आणि एकावन्नांत नऊ यांतलें अंतर त्रैराशिक शिकलेल्या मुलालाहि कळेल.

स्मिथचें मैदानावरील काम चेंडू पुढें आणून योग्य माणसाच्या हातीं देण्याचें. त्याला सोबत्यांच्या संवयी माहीत असाव्या लागतात: कोण डावीकडे वळतो, कोणाला चेंडू कोणत्या उंचीवर हवा. एरवीं हें महिन्यांच्या सरावानें साधतें. तेंच दोन दिवसांत, नव्या खुणा व नव्या चाली पाठ करून, नव्या गांवीं साधणें, हा फिरत्या खेळाडूचा खरा हुन्नर. तो आंकड्यांच्या कोष्टकांत सांपडत नाहीं.

२०१६ सालीं डेट्रॉइटनें त्याच्याशीं तीन वर्षांचा, एक कोटि ऐंशीं लक्ष डॉलरांचा करार केला, आणि तीन हंगाम तो एके ठिकाणीं स्थिरावला. एवढे पैसे मिळविणाऱ्याची कींव कशाला, असें कोणी म्हणेल. म्हणणें खोटें नाहीं. परंतु घर घेण्याइतका पैसा हातीं असूनहि तें कोणत्या गांवीं घ्यावें हें दुसऱ्यानें ठरवावें, ही स्थिति मला कांहीं सुखाची वाटत नाहीं.

पुढें तो वॉशिंग्टनला गेला. २०२१ सालीं जन्मगांवच्या शार्लट संघानें त्याला घेतलें. पण सहा-सात महिनेच, कारण फेब्रुवारी २०२२ मध्यें तो पुन्हां वॉशिंग्टनच्या पारड्यांत पडला, आणि जुलैंत डेन्व्हरच्या. ऑक्टोबरांत डेन्व्हरच्या पोशाखांत तो खेळला तेव्हां तेरावा संघ झाला. त्यापूर्वीं चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसनबर्ग व जो स्मिथ हे चौघे बारांवर थांबले होते.

१२ जून २०२३ रोजीं मायामीचा पराभव करून डेन्व्हर प्रथमच अजिंक्य ठरलें. अंतिम मालिकेंत स्मिथला मैदान फारसें मिळालें नाहीं, तरी अजिंक्य संघांत त्याचें नांव आहे. नोव्हेंबरांत शार्लटहून बोलावणें आलें, आणि २०२३-२४ च्या हंगामांत तो जन्मगांवच्या संघाकडून पुन्हां खेळला.