रंगीत गेटांच्या आतलं बंदर

मोहालीच्या एयरोसिटीत आमच्या गॅलरीतून विमानं उतरताना दिसतात. समुद्राशी या गावाचा काही संबंध असेल असं वाटत नाही. पण लुधियान्याजवळच्या धंडारी कलांच्या डेपोत भरलेले कंटेनर मालगाडीने न्हावाशेव्याच्या बंदरात जातात, आणि एके काळी तर पंजाबची वाट मुंबईच्या गोदीतूनच सुरू व्हायची. विलायतेहून आलेला माणूस बॅलार्ड पिअरला बोटीतून उतरला, की धक्क्यालगतच्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत बसायचा आणि दिल्ली, लाहोर करत पेशावरला पोचायचा. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल आज गोल्डन टेंपल मेल या नावाने अंबाल्यावरून जाते. मी मुंबईला याच गाडीने जातो. या खेपेला ठरवून गेलो ते गोदी पाहायला.

माझे मामा गोदीत होते. ‘बॉम्बे पोर्ट ट्रस्ट’ हे पूर्ण नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ‘बीपीटी’, नाहीतर नुसती ‘गोदी’. बोट ‘लागायची’, पाळी ‘पडायची’. दारामागच्या खिळ्याला त्यांचा हूक टांगलेला असे. लाकडी मूठ आणि वाकडा लोखंडी आकडा. घामाने मुठीचं लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं. कापसाची गाठ त्याशिवाय जागची हलत नसे. आम्हा पोरांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

या गोदीची सुरुवात कापसाच्या पैशातून झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1869 मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि विलायत जवळ आली. तरी बोट लागायला शहरात धड धक्का नव्हता. जहाज भर खाडीत नांगर टाकी, माल पडावांतून आणि मचव्यांतून बंदरोबंदरी उतरे. पावसाळ्यात तर ही उतराई म्हणजे जिवाशी खेळ. धक्के होते ते खासगी मालकांचे. भाऊचा धक्का त्यातलाच, लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला. मुंबईचा सगळा किनारा एल्फिन्स्टन कंपनीसारख्या खासगी कंपन्यांच्या मुठीत जाईल या धास्तीने सरकारने त्या कंपनीची मालमत्ता विकत घेतली, आणि 1873 साली मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड. बॅलार्ड पिअर आणि बॅलार्ड इस्टेट ही नावं त्यांचीच. बंदर एका शेठचं नसावं, शहराचं असावं, हा त्यातला विचार मला आजही मोलाचा वाटतो.

1875 मध्ये कुलाब्याला ससून डॉक झाला, तोही खासगीच. तो पुढे ट्रस्टने विकत घेतला. ट्रस्टची स्वतःची पहिली मोठी गोदी म्हणजे 1880 सालची प्रिन्सेस डॉक. ती खणताना चिखलाखाली अख्खं जंगल सापडलं. तीनशेहून अधिक झाडं, बरीचशी खैराची, कित्येक तर मुळांवर उभीच. कधीकाळी तिथे जमीन होती आणि ती खचून समुद्राखाली गेली, हे खोदणाऱ्यांच्या पहारीने दाखवून दिलं. त्यानंतर व्हिक्टोरिया डॉक आली आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक. हिलाच आज इंदिरा डॉक म्हणतात. खणून निघालेल्या मातीच्या भरावावर वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी बॅलार्ड इस्टेटीच्या देखण्या इमारती उभ्या केल्या.

इंदिरा डॉकचं दार मी जवळून पाहिलं. सोबत गोदीत तीस वर्षं काढलेले एक निवृत्त टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारे कारकून, होते. मुंबईच्या खाडीत भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो. उघड्या धक्क्याला लागलेली बोट ओहोटीला तळाला टेकेल. म्हणून गोदीत भरतीचं पाणी कोंडून ठेवायचं. येणारी बोट आधी दोन दारांमधल्या लांबट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, आतलं पाणी सारख्या पातळीवर आणायचं आणि मग पुढचं दार उघडायचं. हौद 228 मीटरांहून थोडा लांब आणि साडेतीस मीटर रुंद. बोट आत सरकली तेव्हा तिची पोलादी भिंत आणि काठाचा दगड यांत इतकी थोडी जागा उरली होती, की मी नकळत श्वास रोखून धरला. दोरखंड करकरत ताणले गेले, कुणीतरी शिट्टी वाजवली, आणि काठावरच्या माणसाने नुसत्या हाताच्या इशाऱ्याने ते अवजड धूड थांबवलं. टॅली क्लार्क म्हणाले, “1914 सालचं माप आहे हे. पुढे बोटी वाढल्या, दार कसं वाढणार?” त्यानंतरची सारी कहाणी या एका प्रश्नात आली.

त्या कहाणीत 14 एप्रिल 1944 ही तारीख आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं होतं. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात भरायला नकोत हे भरणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. युद्धाची घाई होती. दुपारी कापसाला आग लागली. स्फोटकांच्या जहाजावर लावायचा लाल बावटाही त्यावर नव्हता. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. शेजारची ‘जलपद्मा’ बोट उचलून धक्क्यावर फेकली गेली. जळता कापूस मांडवीच्या वस्तीवर पडला. हादऱ्याची नोंद पार सिमल्याच्या भूकंपमापकावर झाल्याचं सांगतात. माझ्या इथल्या घरापासून सिमला तीन-चार तासांवर आहे. तिकडे डोंगराकडे पाहिलं की ही गोष्ट आठवते. मृतांची संख्या आठशे ते तेराशे अशी वेगवेगळी सांगतात, पण आगीवर पाणी मारताना 66 अग्निशमन जवान गेले, ही संख्या पक्की आहे. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. त्यानंतर हजारो माणसांनी सुमारे सात महिने राबून ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हा चालू केली. या उपसणाऱ्यांची नावं कुठे कोरलेली मला आढळली नाहीत, याचं वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा बदल कामगारांनी घडवला. पूर्वी गेटावर मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसाची भाकरी. 1948 चा कायदा आणि त्यानंतर आलेलं गोदी कामगार मंडळ यांनी कामाची पाळीपाळीने वाटणी आणली, काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. कामगार नेते पी. डिमेलो यांच्या लढ्यांचा यात मोठा वाटा होता. गोदीच्या भिंतीला लागून जाणाऱ्या जुन्या फ्रियर रोडला आज त्यांचं नाव आहे. मामांच्या घरी लग्नं झाली, मुलं शिकली, ती या हजेरीवर.

पुढे कंटेनर आले आणि हूक खिळ्यालाच राहिला. 1989 मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि मोठ्या कंटेनर बोटी तिकडे वळल्या. व्हिक्टोरिया डॉक भरावाने बुजवली गेली. 2021 च्या कायद्याने ट्रस्टचं मुंबई बंदर प्राधिकरण झालं. पण बंदर बंद पडलं असं समजू नका. जवाहर द्वीपाला तेलाची जहाजं लागतात, इंदिरा डॉकमधून पोलाद आणि मोटारी जातात, आणि वर्षाला सहा कोटी टनांवर माल आजही इथून हलतो.

 हे बंदर शहराला लागूनच आहे, पण यलो गेट, ग्रीन गेट, रेड गेट अशा गेटांमागे काय चालतं हे मुंबईकराला ठाऊक नसतं. पूर्व किनाऱ्यावर बागा, मरिना, टॉवर यांचे आराखडे आहेत. बागा जरूर व्हाव्यात. पण जिथे बोट लागू शकते ती जागा घरांसाठी देऊ नये, कारण धक्का एकदा बुजवला की परत मिळत नाही.

वाचकांकडे एक मागणं आहे. ज्यांच्या घरी गोदीतलं कुणी होतं, त्यांनी जुना हूक, गेटपास, हजेरीचं कार्ड, टॅलीची वही भंगारात देऊ नये. त्यावर माणसाचं नाव, टोळी आणि साल लिहून ठेवावं. आठवत असेल तर बोटीचं नावही लिहावं.