गावात वायरलेस इंटरनेट वाढतंय; टॉवरवर कोणता ॲक्सेस पॉइंट बसवावा?

नागपूर : सकाळी धावणारं नेट रात्री आठ वाजले की अडकतं आणि व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. वायरलेस इंटरनेट घेतलेल्या गावांत ही तक्रार नेहमीची. दोष मागून येणाऱ्या फायबरला दिला जातो, पण बरेचदा अडचण टॉवरवरच्या डब्यात, म्हणजे ॲक्सेस पॉइंटमध्ये असते. २०-२५ ग्राहकांपर्यंत तो डबा चालून जातो. ग्राहक वाढले की त्याची खरी परीक्षा होते.

भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून वाडी-वस्तीवर आणि शेतातल्या घरापर्यंत केबल ओढणं परवडत नाही, म्हणून गावातले तरुण ऑपरेटर वायरलेसकडे वळतात. टॉवरवर ॲक्सेस पॉइंट आणि ग्राहकाच्या छतावर छोटा रेडिओ, अशी ही जोडणी असते.

पहिली निवड पुढे बांधून ठेवते

युबिक्विटी, मायक्रोटिक, केंबियम, मिमोसा, टीपी-लिंक ही या धंद्यातली ओळखीची नावं. यातली मिमोसा २०२३ पासून जिओच्या रॅडिसिस कंपनीकडे आहे. यातल्या बहुतेकांची वेळवाटणीची पद्धत आपापली असते. एका कंपनीच्या टॉवरवर दुसऱ्या कंपनीचा रेडिओ त्या पद्धतीत चालत नाही. म्हणजे ६० ग्राहक झाल्यावर टॉवरवरची कंपनी बदलायची तर ६० छतांवरचे रेडिओही बदलावे लागतात. स्वस्त म्हणून घेतलेला डबा महाग पडतो तो इथे.

वेळवाटणी का लागते?

साध्या वायफायमध्ये प्रत्येक रेडिओ आधी ऐकतो, कोणी बोलत नसेल तर बोलतो. घरात हे ठीक चालतं. पण टॉवरच्या पूर्वेचं घर आणि पश्चिमेचं घर एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. दोघं एकदम बोलतात आणि दोघांचंही वाया जातं. ग्रामसभेत सगळे एकाच वेळी बोलले तर कोणाचंच कळत नाही. सरपंचांनी पाळीपाळीने बोलायला लावलं तर काम होतं. वेळवाटणी असलेला ॲक्सेस पॉइंट हेच काम करतो. युबिक्विटीत ही पद्धत एअरमॅक्स नावाने, मायक्रोटिकमध्ये एनव्ही-टू नावाने मिळते. वाढायचं असेल तर ही सोय पाहिल्याशिवाय डबा घेऊ नये.

ग्राहकांचा हिशेब

डब्यावर छापलेला वेग हा हवेतला. ग्राहकाला मिळणारा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास धरून चालावं. समजा एका बाजूचा डबा खऱ्या अर्थाने १५० एमबीपीएस देतो. चांगल्या व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. रात्री ३० घरांत एकाच वेळी व्हिडिओ लागला की डबा भरला. त्यापुढे जोडलेला प्रत्येक ग्राहक आधीच्यांचा वाटा कापतो.

त्यामुळे सगळीकडे फेकणारा एकच अँटेना सुरुवातीपुरता ठीक. पुढे ९० अंशांचे चार किंवा १२० अंशांचे तीन सेक्टर करावेत. एकाच टॉवरवरचे सेक्टर एकमेकांना त्रास देतात, म्हणून जीपीएसने वेळ जुळवणारा डबा घेतला तर चॅनेलची बचत होते.

एक कमजोर ग्राहकही सगळ्यांना मागे खेचतो. त्याचं सिग्नल कमी म्हणून तो हळू बोलतो आणि सगळ्यांची वेळ खातो. सिग्नल उणे ५० ते उणे ६५ मध्ये असावं. उणे ७५ च्या खाली गेलेलं घर जोडण्याआधी पाइप उंच करावा.

झाड, ऊन, वीज

२.४ गिगाहर्ट्झ बँड घराघरांतल्या राउटरांनी भरलेला आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या बँडमधले ६०५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. पण हा बँड झाडाला घाबरतो. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या सागातून चाललेली लिंक पावसाळ्यात ओल्या पाल्याने बसते. ५ किलोमीटरच्या लिंकला मधोमध सरळ रेषेभोवती सुमारे ८ मीटरची जागा लागते. त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी. म्हणून टॉवरची पाहणी पावसाळ्यातला पाला डोळ्यांसमोर ठेवून करावी.

नागपूरचं ऊन वेगळंच. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. उन्हात टांगलेल्या डब्याच्या आत त्याहून जास्त ताप असतो. म्हणून कागदावर तापमानाची मर्यादा वाचून घ्यावी. मृगाच्या विजांसाठी चांगलं अर्थिंग, शिल्डवाली बाहेरची केबल आणि सर्ज प्रोटेक्टर लावावा. लाइन जाते तिथे बॅटरीवर चालणारा कमी वॅटचा डबा सोयीचा.

कागदपत्रं विसरू नका

बँड मोकळा असला तरी इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, किंवा परवानाधारक कंपनीसोबत काम करावं लागतं. घेतलेल्या उपकरणाला ईटीए मंजुरी आहे का, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावं. दुकानातून किंवा चौकात फक्त वायफाय द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात दुकानदाराला परवाना आणि नोंदणी फी लागत नाही.

ग्राहकांनी काय विचारावं?

- आमच्या बाजूच्या सेक्टरवर सध्या किती घरं आहेत?
- आमच्या छतावरच्या रेडिओचं सिग्नल किती?
- लाइन गेली तर टॉवर किती तास चालतो?
- सोडून गेलो तर रेडिओ कोणाचा, अनामत परत मिळेल का?

चांगला ऑपरेटर ही उत्तरं मोबाईलवर उघडून दाखवतो. जो टाळतो, त्याच्याकडे वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. आधी एक महिना घ्यावा आणि वेग रात्री नऊला तपासावा.