ओ द कोलोन

लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील तेले मद्यार्कात मिसळून केलेले, रोज वापरायचे सौम्य सुगंधी द्रव्य. जर्मनीतील कोलोन शहरावरून हे नाव पडले. महाराष्ट्रात ते ‘कोलन वॉटर’ म्हणून ओळखले जाते. त्याचा ताजेपणा आणि अल्पायुष्य या दोहोंचे मूळ एकच आहे : सालीतील तेले चटकन उडून जातात.

इतिहास : या सुगंधाचे श्रेय सामान्यतः योहान मारिया फरिना (१६८५–१७६६) याला दिले जाते. त्याचा जन्म इटलीतील पिडमाँट प्रांतात सांता मारिया माज्जोरे येथे झाला. त्याच्या भावाने १७०९ मध्ये कोलोन येथे काढलेली पेढी आजही चालू आहे. जोव्हान्नी पाओलो फेमिनिस हा इटालियन व्यापारीही त्याच शहरात ‘आक्वा मिराबिलिस’ नावाचे सुगंधी औषधी पाणी विकत असे. त्यामुळे मूळ श्रेयाविषयी मतभेद आहेत. त्या काळी असे पाणी अंगाला लावत, तसेच औषध म्हणून पोटातही घेत. नेपोलियनच्या राजवटीत १८१० मध्ये गुप्त औषधांची कृती उघड करण्याचा हुकूम निघाला. तेव्हा कृती जपण्यासाठी उत्पादकांनी ते निव्वळ सुगंध म्हणून विकणे पसंत केले. ‘४७११’ या प्रसिद्ध कोलोनचे नाव फ्रेंच अमलात ग्लोकेनगासे रस्त्यावरील घराला मिळालेल्या क्रमांकावरून आले.

घटक : बर्गमॉट, लिंबू व संत्रे यांच्या सालींची तेले हा मुख्य भाग. त्यांना कडू संत्र्याच्या फुलांपासून काढलेल्या नेरोली तेलाची आणि त्याच झाडाच्या पानांपासून व कोवळ्या फांद्यांपासून काढलेल्या पेटिग्रेन तेलाची जोड देतात. रोझमेरी व लॅव्हेंडरमुळे वनस्पतींचा हिरवा गंध येतो. सुगंधी तेलांचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते. उरलेला भाग मद्यार्क व पाणी यांचा.

बर्गमॉटची लागवड मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया भागात, रेज्जो शहराच्या आसपास होते. तेथे पूर्वी तेल हाताने काढत. फळ अर्धे कापून गर कोरून काढायचा आणि भिजवलेली साल मातीच्या भांड्यावर बसवलेल्या स्पंजावर दाबून फिरवायची. सालीतील सूक्ष्म पिशव्या फुटून तेल स्पंजात उतरे. मग स्पंज पिळून ते भांड्यात गोळा करीत. आता हे काम यंत्रे करतात, पण तेल आजही उष्णता न देता सालीतूनच काढले जाते.

गंधाचे स्वरूप : त्वचेवर लावताच मद्यार्क उडतो, गारवा जाणवतो आणि सालीचा तीव्र, किंचित कडसर वास येतो. थोड्याच वेळात तो ओसरून नेरोली व लॅव्हेंडर पुढे येतात. सालीच्या तेलातील प्रमुख घटक लिमोनीन याचा रेणुभार सुमारे १३६ आहे, तर चंदनतेलातील सँटॅलॉलचा सुमारे २२०. म्हणूनच चंदन त्वचेवर रेंगाळते आणि लिंबू निघून जाते. हा ताजेपणा लांबवण्याचा मोठा प्रयत्न १९६६ मध्ये एदमाँ रुदनित्स्का यांनी ‘ओ सोव्हाज’ या सुगंधात हेडिओन हे संयुग वापरून केला.

प्रसार व वापर : तुर्कस्तानात पाहुण्यांच्या तळहातावर लिंबाचे ‘कोलोन्या’ ओतून स्वागत करण्याची प्रथा आहे. मराठी घरांत तापकऱ्याच्या कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवत. बाष्पीभवनाने त्वचा गार होते, हे त्यामागचे कारण. लहान मुलांच्या बाबतीत मात्र हा उपाय टाळावा. मद्यार्क त्वचेतून व श्वासावाटे शरीरात जाऊ शकतो.

दक्षता : बर्गमॉट तेलातील बर्गाप्टेनमुळे, तेल लावलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास चट्टे व काळे डाग पडू शकतात. म्हणून सुगंधद्रव्यांत बर्गाप्टेन काढून टाकलेले तेल वापरतात. हवा लागून ऑक्सिडीकरण झालेले लिमोनीन काहींना त्वचेची अ‍ॅलर्जी करते. त्यामुळे बाटली घट्ट बंद करून, उजेड व उष्णतेपासून दूर ठेवावी. विस्तवाजवळ तर मुळीच नको. वास उतरला की कोलोन पुन्हा लावावे. एकदाच भरपूर लावल्याने तो दिवसभर टिकत नाही. गर्दीच्या डब्यात किंवा कचेरीत शेजाऱ्याला जड न होणारा सुगंध हवा असेल, तर हे लवकर विरणेच उपयोगी पडते.