कडेवर उभी तुळई

पोटमाळ्यावर खोली काढताना सुतार तुळई आडवी न ठेवता कडेवर उभी बसवितो. अनुभवाने चालत आलेल्या या रीतीला गणित दिले ते गॅलिलिओने: तुळईची रुंदी दुप्पट केल्यास बळ दुप्पट, उंची दुप्पट केल्यास चौपट. त्याचे इतर काही हिशेब पुढे चुकीचे ठरले. हे प्रमाण टिकले. लोखंडी गर्डर उंच आणि अरुंद असतो, तोही याच न्यायाने.

हा ग्रंथ त्याने १६३३ च्या शिक्षेनंतर आर्चेत्री येथे नजरकैदेत पुरा केला. रोमची बंदी असल्यामुळे १६३८ मध्ये तो प्रॉटेस्टंट हॉलंडात, लायडन येथे छापावा लागला. तोवर ग्रंथकर्त्याची दृष्टी गेली होती. आम्हा धर्मगुरूंना हा इतिहास संकोचाचा वाटतो, आणि वाटावाच. तत्कालीन ईशपंडितांची चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी मान्य केली.